चिपशी बोलण्यापूर्वीचे चार प्रश्न

मंडळी, तुमच्या घरात किती संगणक आहेत असे कुणी विचारले, तर बहुतेक जण ‘एक’ किंवा ‘दोन’ असे उत्तर देतील. प्रत्यक्षात हा आकडा बराच मोठा निघतो. वॉशिंग मशीनमध्ये एक, टीव्हीच्या रिमोटमध्ये एक, मायक्रोवेव्हमध्ये एक, इन्व्हर्टरमध्ये एक आणि दारातल्या स्कूटरच्या डिजिटल मीटरमध्ये आणखी एक. हे संगणक म्हणजे एकेक लहानशी चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिला ना पडदा, ना कीबोर्ड. जन्मभर एकच काम करायचे आणि कुणाच्या नजरेत न येता करायचे, एवढेच तिला ठाऊक.

ही चिप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा बहुधा कोऱ्या पाटीसारखी असते. तिने कपडे धुवायचे की दिवे लावायचे, हे तिला नंतर शिकवावे लागते. आपण संगणकावर प्रोग्राम लिहितो आणि तो चिपमध्ये उतरवतो. उतरवण्यासाठी मध्ये एक लहान पेटी किंवा पाटी लागते. तिला प्रोग्रॅमर म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसालाही आपण प्रोग्रॅमरच म्हणतो, म्हणून थोडा घोटाळा होतो. आज मी बोलणार आहे ते त्या पेटीबद्दल, आणि खरे तर तिच्यावरच्या नखाएवढ्या स्विचांबद्दल.

तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे शिकवतो आहे. तिथे एक गोष्ट दरवर्षी पाहायला मिळते. मुले रात्र रात्र जागून प्रोग्राम लिहितात. तो चांगलाही असतो. पण सादरीकरणाच्या आदल्या दिवशी चिप काही केल्या ऐकत नाही. मग शेजारच्या मित्राच्या पेटीवर स्विच कसे आहेत ते पाहून तसेच आपल्या पेटीवर लावले जातात. कधी जमते, कधी चिप गरम होऊन कायमची गप्प होते. मित्राची चिप वेगळी, त्याची वीज वेगळी, मग त्याचे स्विच आपल्याला कसे चालावेत? उत्तर उतरवून घेण्याआधी प्रश्न कोणता होता ते पाहायला हवे. हे स्विच म्हणजे चिपशी बोलणे सुरू होण्यापूर्वी विचारलेले प्रश्न असतात, आणि ते मुख्यतः चार आहेत.

आधी या स्विचांची ओळख करून घेऊ. ते दोन प्रकारचे असतात. पहिला डिप स्विच. प्लॅस्टिकच्या छोट्या ठोकळ्यावर चार, आठ किंवा बारा इवल्याशा दांड्या ओळीने असतात. शेजारी १, २, ३ असे आकडे आणि एका बाजूला ‘ऑन’ असे छापलेले. पेनाच्या टोकाने दांडी सरकवायची. दुसरा जंपर. पाटीवर दोन-तीन उभ्या पिना असतात आणि त्यांतल्या दोन पिनांना जोडणारी एक चिमुकली टोपी असते. टोपी घातली की जोड झाली, काढली की तुटली. बस, एवढेच यंत्र!

डिप स्विचची एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. ‘ऑन’ म्हणजे १ आणि ‘ऑफ’ म्हणजे ० असे आपण सहज धरतो. पुष्कळ पाट्यांवर ते नेमके उलटे असते. स्विच उघडा असताना एक रोधक त्या तारेला वर, म्हणजे ५ व्होल्टकडे ओढून धरतो आणि चिप १ वाचते. स्विच ‘ऑन’ केला की तार जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडली जाते आणि चिप ० वाचते. ‘ऑन’ याचा अर्थ ‘जोडले’ इतकाच. कशाला जोडले, ते पाटीचा नकाशा सांगतो. म्हणून सोबत आलेला माहितीचा कागद खोक्याबरोबर फेकून देऊ नये.

आता कुणी म्हणेल, एवढा हुशार संगणक समोर असताना हे प्रश्न तोच चिपला का विचारत नाही? फोनचे उदाहरण घ्या. समोरच्याचा नंबर फोन लागण्याआधी माहीत असावा लागतो. ‘फोन लागल्यावर नंबर विचारून घेऊ’ असे म्हणून कसे भागेल? चिपशी पहिला शब्द बोलण्यासाठीच काही गोष्टी आधी जुळलेल्या असाव्या लागतात. त्या जुळवण्याचे काम स्विच करतात.

पहिला प्रश्न : हिला किती व्होल्ट सोसतात?

चिपमधली स्मृती विजेच्या कणांची बनलेली असते. प्रत्येक स्मरणपेशीत चारी बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेले एक कप्पेवजा फाटक असते. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की एक अर्थ, रिकामे ठेवले की दुसरा. वीज गेली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे तिथेच राहतात, म्हणून तर वॉशिंग मशीन आपले काम विसरत नाही. पण त्या भिंतीतून इलेक्ट्रॉन आत ढकलायचे तर नेहमीचे ५ व्होल्ट पुरत नाहीत. जास्त दाब लागतो. अशी विजेने लिहिता येणारी आणि अतिनील प्रकाशाने पुसता येणारी स्मृती इंटेल कंपनीत डॉव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये आणली. ती एप्रॉम या नावाने ओळखली गेली. तिच्या पुढच्या पिढ्यांत २७३२ नावाच्या चिपला लिहिताना २५ व्होल्ट लागत. तिच्याच २७३२ए या भावंडाला २१ व्होल्ट. नावात फरक फक्त एका अक्षराचा. पण २१ ची सवय असलेल्या चिपला २५ व्होल्ट दिले की ती हकनाक मरायची.

मायक्रोकंट्रोलरचेही तसेच. आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि पदविकेच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी ८०५१ घराण्यातल्या एटी८९सी५१ या चिपवर हात साफ केला आहे. ही चिप एटमेल कंपनीची (२०१६ पासून ही कंपनी मायक्रोचिप कंपनीचा भाग आहे). हिचे दोन प्रकार निघाले. एकाला लिहिताना १२ व्होल्ट लागतात, दुसऱ्याला ५ पुरतात. दिसायला दोन्ही सारख्याच चाळीस पायांच्या. फरक ओळखायचा तो चिपच्या पाठीवर छापलेल्या बारीक खुणेवरून. ५ व्होल्टवालीवर अक्षरांच्या शेवटी आडवी रेघ आणि ५ हा आकडा असतो. ती खूण भिंगातून वाचायची आणि मगच व्होल्टेजचा जंपर हलवायचा. पुढे चिपच्या आतच दाब वाढवणारी सोय आली आणि बाहेरून जास्त व्होल्ट देण्याची गरज पुष्कळ चिपांत उरली नाही. तरी प्रश्न संपलेला नाही. पूर्वी ५ व्होल्टची असलेली दुनिया आता बरीचशी ३.३ व्होल्टवर आली आहे, आणि प्रोग्रॅमरवरचा ‘५ की ३.३’ हा जंपर तेच विचारत असतो.

जुन्या प्रोग्रॅमरवर डिप स्विचचे आणखी एक काम असे. सॉकेट एकच आणि त्यात बसणाऱ्या चिपा शंभर. चाळीस पायांच्या ८०५१ ला वीज ४० व्या पायावर लागते आणि जमीन २० व्या. अठ्ठावीस पायांच्या एटीमेगा ८ ला वीज ७ व्या पायावर आणि जमीन ८ व्या. कोणती तार कोणत्या पायाला न्यायची, हे रेल्वेच्या सांधेवाल्याप्रमाणे स्विच ठरवत. विलेम नावाचा एक प्रोग्रॅमर हौशी मंडळींत फार गाजला. तो मुख्यतः एप्रॉमसाठी असे, पण जोडसॉकेट लावून काही मायक्रोकंट्रोलरसाठीही चाले. त्याच्यावर बारा दांड्यांचा डिप स्विच असे. बारा दांड्या म्हणजे ४,०९६ रचना, आणि हातातल्या चिपला त्यांतली नेमकी एक लागायची. संगणकावर चिपचे नाव निवडले की पडद्यावर त्या बारा दांड्यांचे चित्र उमटे आणि तसे स्विच माणसाने आपल्या बोटाने लावायचे. हुकूम संगणकाचा, हात माणसाचा!

दुसरा प्रश्न : वीज कुणाची?

चिप ज्या पाटीवर बसली आहे तिला वीज प्रोग्रॅमरने द्यायची की तिचा स्वतःचा पुरवठा आहे? आपल्या घरी जनरेटर असेल तर महावितरणची वीज आणि जनरेटरची वीज यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच बसवतात. दोन्ही एकदम एका तारेत सोडत नाहीत. इथेही तोच नियम. प्रोग्रॅमर ५ व्होल्ट देतो आहे आणि पाटीचा स्वतःचा पुरवठा ३.३ व्होल्टचा आहे, अशा वेळी दोघांची झटापट होते आणि त्यात गरीब बिचारा कुणीतरी भाजतो. तो बहुधा पाटीवरचा ३.३ व्होल्टचा सेन्सर किंवा रेडिओचा तुकडा असतो. शिवाय प्रोग्रॅमर ही वीज संगणकाच्या यूएसबीतून घेतो. साध्या यूएसबीची मर्यादा ५०० मिलिअँपिअर. तिच्यावर मोटार किंवा चार-सहा रिले चालवायला गेलात तर चिपला लिहिता लिहिताच वीज खचेल आणि अर्धवट लिहिलेला प्रोग्राम हाती येईल. तेव्हा पाटीला स्वतःची वीज असेल तर प्रोग्रॅमरचा वीज देणारा जंपर काढायचा. जमिनीची तार मात्र दोघांची एकच हवी. ती नसेल तर बोलणे होणारच नाही.

इथे एक सावधगिरी सांगतो. काही स्वस्त प्रोग्रॅमरवर ३.३ चा जंपर लावला तरी फक्त पुरवठ्याची तार ३.३ ला येते. संदेशाच्या तारा ५ व्होल्टच्याच राहतात. पाटीवर काय छापले आहे यापेक्षा मल्टिमीटर काय दाखवतो यावर विश्वास ठेवावा.

तिसरा प्रश्न : बोलायचे किती वेगाने?

पहिलीतल्या मुलाला शुद्धलेखन घालताना आपण सावकाश सांगतो. वेगाने सांगितले तर मूल मठ्ठ ठरत नाही, आपण चुकीचे ठरतो. चिपचेही असेच आहे. थॉमस फिश्ल यांनी आखलेला आणि सर्वांना खुला करून दिलेला यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मागितला की मिळतो. त्याच्या मूळ आराखड्यात एक वेगाचा जंपर आहे. तो नसताना प्रोग्रॅमर सेकंदाला ३ लाख ७५ हजार ठोक्यांच्या वेगाने बोलतो. आता एटीमेगा ८ ही कोरी चिप घ्या. कारखान्यातून येते तेव्हा तिचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला १० लाख ठोके देते. एक बिट नीट ऐकायला तिला स्वतःच्या घड्याळाचे चारांहून थोडे जास्त ठोके लागतात. म्हणजे ती सेकंदाला अडीच लाखांपेक्षा कमीच बिट ऐकू शकते. बोलणारा पावणेचार लाखांनी बोलतो आणि ऐकणारी अडीच लाखांनाही पुरी पडत नाही. मग पडद्यावर ‘चिप सापडत नाही’ असा निरोप येतो आणि मुले नवी कोरी चिप खराब समजून कचऱ्यात टाकतात!

वेगाचा जंपर घातला की प्रोग्रॅमर साधारण ८ हजार ठोक्यांवर येतो. एटीमेगा ८ पूर्ण भरायला मग अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो, पण एकही शब्द वाया जात नाही. चिपचे घड्याळ सेकंदाला १५ लाख ठोक्यांहून मंद असेल तर हा जंपर घालावा, असे फिश्ल यांनी सांगून ठेवले आहे. १५ लाखांना चाराने भागा, नेमके पावणेचार लाख येतात. नियम कुठून आला ते कळले की तो पाठ करावा लागत नाही. पुढच्या आवृत्त्यांत हा वेग संगणकावरूनही ठरवता येऊ लागला, पण प्रश्न तोच राहिला.

चौथा प्रश्न : ऐकायचे की कामाला लागायचे?

हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चिपला वीज मिळाली की तिच्यासमोर दोन वाटा असतात. आत आधीच लिहिलेले काम सुरू करायचे, किंवा नवा धडा ऐकण्यासाठी थांबायचे. ईएसपी३२ या चिपमध्ये ‘शून्य’ क्रमांकाची तार जागे होण्याच्या क्षणी जमिनीला जोडलेली असेल तर ती ऐकत बसते, नाहीतर कामाला लागते. म्हणून तिच्या पाटीवर ‘बूट’ नावाचे बटण असते. एसटीएम३२ जातीच्या बऱ्याच पाट्यांवर दोन जंपर असतात, बूट-शून्य आणि बूट-एक. बूट-शून्य १ वर आणि बूट-एक ० वर असेल तर चिप ऐकण्याच्या स्थितीत उठते. बूट-शून्य ० वर असेल तर कामाच्या.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने वडिलांच्या डाळिंबाच्या बागेसाठी पंप आपोआप सुरू करणारा नियंत्रक बनवला. शेतीची वीज रात्री-अपरात्री येणार, तेव्हा वडिलांना उठून विहिरीवर जावे लागू नये, एवढाच हेतू. चिप एसटीएम३२ होती. घरी टेबलावर त्याने तो दोन दिवस अखंड चालवून पाहिला, अगदी घड्याळासारखा चालला. मग विहिरीवर बसवला. त्या रात्री दोन वाजता वीज आली, पण पंप सुरू झाला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. भर एप्रिलमध्ये बाग तीन दिवस कोरडी राहिली आणि हा पोरगा तीन दिवस प्रोग्राममधल्या चुका शोधत बसला. शेवटी पाटी घेऊन माझ्याकडे आला. मी आधी बूट-शून्यचा जंपर पाहिला. तो १ वरच होता.

झाले होते असे. प्रोग्राम उतरवून झाल्यावर संगणकावरचे सॉफ्टवेअरच चिपला ‘आता सुरू हो’ असा हुकूम देते. त्या हुकमावर ती टेबलावर दोन दिवस चालली. विहिरीवर नेताना वीज तुटली. पुन्हा वीज मिळाल्यावर जंपर सांगत होता तशी ती आज्ञाधारकपणे ऐकत बसली. पंपाशेजारी, अंधारात, कुणीतरी नवा धडा देईल याची वाट पाहत! प्रोग्राममध्ये एका अक्षराचीही चूक नव्हती. टोपी एका पिनेने सरकवली आणि पाणी सुरू झाले. तीन वर्षांच्या झाडांना तीन दिवसांचा ताण पडला, तो मात्र परत घेता आला नाही.

आता काळ बदलला आहे. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरिया गावी जन्मलेल्या आर्डुइनो पाटीच्या सुरुवातीच्या प्रकारांत प्रोग्राम उतरवताना रीसेटचे बटण वेळ साधून हाताने दाबावे लागे. नंतर ते काम एका छोट्या कपॅसिटरच्या मदतीने संगणकच करू लागला. वीज यूएसबीची की बाहेरची, हे ठरवणारा जंपरही पुढे गेला आणि पाटी स्वतःच ते ठरवू लागली. सोय झाली हे खरेच. पण प्रश्न नाहीसे झाले नाहीत, त्यांची उत्तरे कुणीतरी आपल्या वतीने देऊ लागले, इतकेच. जिथे ते उत्तर चुकते तिथे प्रश्न माहीत असलेला माणूसच मार्ग काढतो.

शिवाय काही ठिकाणी हाताने हलवायचा स्विच मुद्दाम ठेवलेला असतो. जुन्या ऑडिओ कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक चिमटी असायची, आठवते? ती मोडली की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरे काही रेकॉर्ड होत नसे. लेखन-प्रतिबंधाचा जंपर हे तिचेच भावंड. दूर बसलेला चोर सॉफ्टवेअर फसवू शकतो, पण तुमच्या टेबलावरची टोपी त्याला उचलता येत नाही. यूएसबीएएसपीवर आणखी एक जंपर असतो, तो प्रोग्रॅमरच्या स्वतःच्याच चिपला नवा धडा देण्यासाठी. मात्र तो घातला तरी लिहायला दुसरा प्रोग्रॅमर लागतोच. दाताच्या डॉक्टरला स्वतःचा दात काढता येत नाही, तसेच हे.

मग नेमके काय करायचे? मी मुलांना क्रम घालून देतो. वीज बंद असतानाच स्विच हलवा. चिपवरचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा आणि तसे स्विच लावा. चिपवरची खाच आणि सॉकेटवरची खूण जुळते का ते बघा. चिप बसवण्याआधी व्होल्टेज मीटरने मोजा. मग वीज द्या, आणि लिहिण्याची घाई न करता आधी चिपची ओळख वाचा. प्रत्येक जातीच्या चिपमध्ये कारखान्याने कोरलेला ओळखक्रमांक असतो. एटीमेगा ८ चा क्रमांक तीन अंकजोड्यांत १ई, ९३, ०७ असा येतो. तो बरोबर आला म्हणजे बोलणे जुळले. सगळी शून्ये आली किंवा सगळीकडे एफएफ आले, तर चिपला दोष न देता चार प्रश्नांकडे परत जा. लिहून झाले की पडताळून पाहा. स्विच कामाच्या जागी परत आणा. आणि शेवटी वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. डाळिंबाच्या बागेत राहून गेली ती हीच शेवटची पायरी.

आणखी एक साधी गोष्ट. स्विचांची बरोबर जुळलेली रचना एका चिठ्ठीवर काढा, खाली चिपचे पूर्ण नाव आणि तारीख लिहा आणि ती चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. सहा महिन्यांनी ती पेटी उघडणारा माणूस दुसराच कुणी असू शकतो, आणि रात्री दोन वाजता विहिरीवर बॅटरीच्या उजेडात त्याला पहिल्यांदा तीच चिठ्ठी दिसेल.